मोजायचं ते गालाशी

डार्ट पायाशी पडायला हवा होता.

आजवर तो तिथंच पडत आला होता. उजेडवाडीच्या पोरांना याची इतकी सवय झाली होती, की प्रेक्षकांच्या दोरीमागं पहिल्या रांगेत मांडी घालून बसायला छोट्यांची भांडणं व्हायची. मैदानातून भरकटलेला फोमचा डार्ट यायचा, येता येता दमायचा आणि पेंगुळलेल्या मांजरासारखा कुणाच्या तरी पायाशी लोळण घ्यायचा. ज्याच्या पायाशी डार्ट, त्याला खाऊ आधी.

पण त्या दिवशी वैजूच्या बंदुकीतून सुटलेला डार्ट दमलाच नाही. दोरीवरून सरळ आला आणि पाच वर्षांच्या झोयाच्या गालावर फाट्कन बसला. डोळ्याच्या खाली, दोन बोटांवर.

झोया आधी रडली नाही. तिनं गालाला हात लावला, डार्टकडे बघितलं आणि फार अपमान झाल्यासारखी म्हणाली, "हा चावला!" आणि मग तिनं जो भोंगा लावला, तो खरात सरांच्या शिट्टीलाही आवरेना.

उजेडवाडी चंद्राच्या दक्षिण टोकाशी आहे. तिथल्या डोंगराच्या कडेवरून सूर्य फारसा मावळत नाही, म्हणून हे नाव. पहिली माणसं आली तेव्हा ती जमिनीखालच्या एका लांबलचक बोगद्यात राहिली, आणि पोरांच्या फोमडार्टच्या झुंजी तिथंच सुरू झाल्या. यंदा मात्र वर, उजेडात, नवा घुमट उभा राहिला होता. पारदर्शक, आभाळाएवढा वाटणारा, काळ्या आकाशात, क्षितिजापाशी, निळी पृथ्वी टांगलेली. यंदाची स्पर्धा त्या घुमटातली पहिलीच, आणि हा तिचा पहिलाच दिवस.

झुंजीचे नियम पोरांना तोंडपाठ होते. खेळाडूनं चष्मा घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. छातीच्या वर नेम धरायचा नाही. समोरचा तीन मीटरच्या आत सापडला तर डार्ट मारायचा नाही, नुसतं "शरण!" म्हणायचं, आणि त्यानं हात वर करायचे. शिट्टी होईपर्यंत चापावर बोट नाही. पडलेले डार्ट गोळा करायचे तेही शिट्टीनंतर. आणि प्रेक्षकांची दोरी वीस मीटरवर. दोरीमागं चष्म्याची गरज नाही, कारण तिथवर डार्टात जीवच उरत नाही.

उरत नाही, असं नियम म्हणत होते. झोयाचा गाल काही वेगळंच सांगत होता.

"स्प्रिंग आवळलीस ना?" खरात सरांनी विचारलं. ते स्पर्धेचे प्रमुख. उंच, घाईतले, गळ्यात शिट्टी. माणूस वाईट नव्हता. फक्त एका वेळी शंभर कामं अंगावर घ्यायचा.

"नाही सर," वैजू म्हणाली. वैजयंती तिचं पूर्ण नाव, वय बारा, 'काजवे' संघाची कप्तान.

"मग बदललं काय? तूच सांग. चंद्र तोच, त्याचं गुरुत्वाकर्षण तेच. डार्ट तेच. दोरी तितक्याच अंतरावर, मी स्वतः बांधली. सगळं तेच, तर उरतं काय? तुझी बंदूक."

"नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला अठ्ठावीस मीटर. मर्यादा तीस. नियमात बसतं," मधेच एक खणखणीत आवाज आला. हा नेमाजी, पंच यंत्रमानव. तीन पाय, घागरीएवढं डोकं आणि छातीवर शेजारी शेजारी दोन प्रकाशरेषा. डार्ट पहिली रेषा तोडतो, मग दुसरी. मधे किती वेळ गेला ते बघून नेमाजी वेग सांगतो. खेळाडूच्या बंदुकीशी उभं राहायचं आणि मोजायचं, एवढंच त्याचं काम.

"मोजून झाल्यावर आवळली असेल," सर म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "हे बघ वैजयंती, उद्या अंतिम सामना आहे. सगळ्यांसमोर म्हण, स्प्रिंग आवळली, चुकलं. एवढं म्हण आणि खेळ. पोरांच्या चुका पोटात घालायला आम्ही बसलोयच की."

"झोयाला लागलं त्याची माफी मागते. शंभरदा मागते." वैजूची मान खाली गेली नाही. "पण जे केलंच नाही त्याची नाही मागणार."

"मग उद्या बाहेर बसायचं."

"बसते."

झोया, अजून हुंदके देत, भावाच्या कडेवरून म्हणाली, "वैजूदीदी खोटं नाही बोलत. ती चिमटासुद्धा सांगून काढते."

झोयाचा भाऊ हमीद वैजूच्याच संघातला. तिला घेऊन तो आणि वैजू अम्मीच्या टपरीवर आले. घुमटाच्या दाराशी नसीमखालांची चहा-उसळीची टपरी होती. त्यांनी लेकीच्या गालाला बर्फ लावला, वैजूला जवळ ओढलं आणि दोघींसमोर उसळीच्या वाट्या ठेवल्या.

"म्हणून टाक ना सॉरी," हमीद कुजबुजला. "एकच तर शब्द. तुझ्याशिवाय आम्ही हरणार. समोर ईश्वरी आहे, माहितीय ना?"

"मी सॉरी म्हटलं की सगळे म्हणणार, चला, सापडली चूक." वैजू वाटाण्याला चमच्यानं टोचत होती. "मग दोरी राहणार तिथंच. झोया बसणार तिथंच. आणि उद्या ईश्वरीचा डार्ट येईल, तो दोन बोटं वर लागला तर?"

हमीदनं बहिणीच्या डोळ्याकडे बघितलं आणि बर्फ पुन्हा तिच्या गालावर नीट धरला.

"वाटाणे खा गं," नसीमखाला म्हणाल्या. "कच्चेच राहिलेत म्हणा. खाली बोगद्यात होते तेव्हा माझ्या उसळीला लांबून लोक यायचे. इथं पाणी रटारटा उकळतंय, आणि वाटाणे आपले गोट्यांसारखे. चहाचीही तीच रड. या घुमटाला माझा हात मानवत नाही बघ."

वैजूनं वाटाणा चावला. कडक होता. पण तिच्या डोक्यात डार्ट होता, म्हणून तिनं तो तसाच गिळला. गोष्टीचं उत्तर त्या वाटाण्यात होतं, हे तिला कळायला अजून थोडा वेळ होता.

*

नेमाजी बोगद्यात आपल्या खोबणीत उभा होता.

"नेमाजी, मोजायचंय."

"नळीशी मोजलं आहे. अठ्ठावीस."

"नळीशी नाही. दोरीशी मोज. झोयाला डार्ट लागला तो नळीशी नव्हता लागला."

नेमाजीच्या डोक्यातले दिवे दोनदा लुकलुकले. "नियमात माझी जागा खेळाडूच्या शेजारी आहे."

"दोरीशी उभं राहू नये, असं लिहिलंय?"

बराच वेळ नुसती घरघर. "शोधलं. लिहिलेलं नाही."

"मग चल!"

जुन्या मैदानावर हमीदनं वीस मीटरवर खूण केली. तिथं नेमाजी उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या टोकाला. वैजूनं डार्ट मारला. तो आला, दमला, नेमाजीच्या पायाशी पडला. नेमाजीनं खाली वाकून पुन्हा मोजायला लावलं, दोन्ही रेषा पायाशी नेऊन. "दहा."

"अठ्ठावीसनं निघाला आणि दहानं पोचला," हमीद म्हणाला. "म्हणून लागत नाही."

"आता वर."

बोगद्यातून घुमटात जायचं तर मधे दाबखोली लागते (हवेचा दाब हळूहळू कमी किंवा जास्त करतात ती खोली). तिथं बाकावर बसून राहायचं, कान गच्च झाले की आवंढा गिळायचा, आणि कंटाळा घालवायला गाणी म्हणायची. उजेडवाडीची निम्मी गाणी त्या खोलीत जन्मली. हमीद उद्याचं चिडवायचं गाणं घोळवत होता. वैजू कान दाबून बसली होती.

घुमटात तीच बंदूक, तोच डार्ट, तितकंच अंतर. वैजूनं चाप ओढला. डार्ट नेमाजीच्या छातीवर सप्प्‌ करून आदळला.

"साडेसोळा," नेमाजी म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "नळीशी किती, तेही पाहतो." तो टणटण चालत आला. पुन्हा डार्ट. "अठ्ठावीस."

वैजूनं बंदूक खाली ठेवली. "म्हणजे निघताना सारखाच. वाटेत फरक पडतो. बोगद्यात वाटेत त्याला कुणीतरी धरतं, इथं सोडून देतं."

"साडेसोळा म्हणजे दहाच्या दीडपटीहून जरा जास्त," हमीद म्हणाला. "मग झोयाला दीडपट लागलं."

"चूक," नेमाजी म्हणाला. "गतिज ऊर्जा (धावत्या वस्तूच्या अंगी तिच्या धावण्यामुळे आलेली ताकद) वेगाच्या पटीनं वाढत नाही. वेगाला वेगानंच गुणावं लागतं. वेग दुप्पट झाला तर मार चौपट. तिप्पट झाला तर नऊपट. इथं मार जवळजवळ पावणेतीनपट."

वैजूनं पडलेला डार्ट उचलून बोटांत दाबून पाहिला.

"पण धरतं कोण?" वैजूनं विचारलं. "सर म्हणतात गुरुत्वाकर्षण तेच."

चंद्रावरच्या माणसांची ही एक खोडच. बशी फुटली, उडी चुकली, पोळी फुगली नाही, काहीही झालं की पहिला संशय गुरुत्वाकर्षणावर. ते निर्दोष सुटलं, की दुसरा संशय थेट माणसावर. मधे तिसरं कुणी असू शकतं, हे डोक्यातच येत नाही.

वैजूनं टपरीवरून चमचा आणला आणि गळ्यातली ओढणी काढली. दोन्ही एकाच उंचीवरून सोडायचं, आणि नेमाजीनं वेळ मोजायची. आधी घुमटात, मग पुन्हा दाबखोली, पुन्हा कान, पुन्हा बोगद्यात.

चमच्याला दोन्हीकडे सारखाच वेळ लागला. सरांचं म्हणणं खरं होतं, चंद्राची ओढ दोन्हीकडे एकच.

ओढणीला मात्र सारखा वेळ लागला नाही. घुमटात ती भराभर खाली आली होती. बोगद्यात ती सावकाश उतरली, फुगत, डुलत, कुणीतरी तिच्या चारी टोकांना हात दिल्यासारखी.

वैजू त्या ओढणीकडे बघतच राहिली. मग तिनं कानाला हात लावला. कान अजून गच्च होते.

"हमीद," ती हळूच म्हणाली, "दाबखोली कशासाठी आहे?"

"घुमटात हवा कमी आहे म्ह—" हमीदचं तोंड उघडंच राहिलं.

"निम्मी," नेमाजी म्हणाला. "घुमट फार मोठा आहे. बाहेर हवा अजिबात नाही, त्यामुळे आतली हवा त्याला सतत बाहेर रेटते. पूर्ण हवा भरली तर भिंती फार जाड कराव्या लागतील. म्हणून तिथं हवेची घनता (तेवढ्याच जागेत किती ऐवज दाटला आहे ते) निम्मी ठेवली आहे. श्वास लागू नये म्हणून त्यात प्राणवायूचा वाटा वाढवला आहे. ही माहिती सर्वांना आहे."

"आणि विरळ हवेत पाणी लवकर उकळतं! पुरतं तापायच्या आधीच!" वैजू ओरडली. "म्हणून खालांचे वाटाणे!"

सगळ्यांना माहीत होतं. कानांना माहीत होतं, वाटाण्यांना माहीत होतं. नियमांना तेवढं माहीत नव्हतं.

मग नेमाजीनं ते नीट उलगडून सांगितलं. डार्ट धावतो म्हणजे मोकळ्या जागेतून धावत नाही. त्याच्या वाटेत हवेचे असंख्य बारीक कण उभे असतात, गर्दीत माणसं असावीत तसे. प्रत्येकाला बाजूला सारावं लागतं, आणि सारताना डार्टाचा थोडा थोडा वेग त्यांच्याकडे जातो. याला हवेचा रोध म्हणतात (हवा धावत्या वस्तूला मागं ढकलते ते बळ). चमचा जड, त्याला हे ढकलणं जाणवत नाही. ओढणी आणि फोमचा डार्ट हलके, पण अंगानं मोठे. त्यांना ते फार जाणवतं.

"फोम मऊ असतो म्हणून डार्ट सुरक्षित, असं सगळे समजतात," नेमाजी म्हणाला. "ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं काम हवा करते."

"आणि घुमटात गर्दीच निम्मी," हमीद म्हणाला. "धरणारे हातच कमी."

वैजूला एकदम भरून आलं. इतकी वर्षं पहिल्या रांगेतल्या प्रत्येक पोरापुढं कुणीतरी उभं होतं, दिसत नव्हतं, आणि एकेक डार्ट झेलून, थोपटून, पायाशी निजवत होतं. कुणी त्याचं नावही घेतलं नव्हतं.

*

"हे बघ," खरात सर शिडीवर उभं राहून पताका बांधत होते. "तुझं डोकं चालतं, मला कौतुक आहे. पण अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी नियमाला हात लावायचा नाही, हाही नियमच आहे. पृथ्वीवरून आलेत ते नियम, मोठ्या माणसांनी केलेत. गुरुत्वाकर्षणाचा हिशोब करून मीच त्यात फेरफार केलेत. दोरी मागं नेली तर पुढच्या रांगा बसवू कुठं? आणि मला सांग, हे सगळं तुझ्यावरचा आरोप आल्यावरच कसं गं सुचलं?"

वैजूची कानशिलं तापली. ती वळली, हमीद आणि नेमाजी तिच्या मागोमाग. घुमटाच्या दारापर्यंत आल्यावर म्हणाली, "नेमाजी, नियमांत शेवटचा कुठला?"

"सवाल उभा असताना खेळ सुरू करू नये."

हमीदनं तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

उजेडवाडीचा बोगदा खोदणाऱ्या पहिल्या माणसांत डफाचे शौकीन होते. काम संपलं की दोन बाजू समोरासमोर बसायच्या, एकीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यात जबाब द्यायचा. तीच रीत झुंजीत आली. खेळाआधी दोन्ही संघ एकमेकांना गाण्यांत चिडवतात, आणि मग गावातल्या कुणालाही सवाल टाकता येतो. अगदी कुणालाही. जबाब मिळाल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. इतकी वर्षं ही नुसती गंमत होती. लोक विचारायचे, "सांगा, खरात सरांच्या डोक्यावरचं पीक कुठं गेलं?" आणि हशा पिकायचा.

*

दुसऱ्या दिवशी घुमट गच्च भरला. काजवे चारच उभे होते, पाचवी जागा रिकामी. समोर 'गरुड' आणि त्यांची कप्तान ईश्वरी ढमाले, कमरेवर हात ठेवून. गरुडांनी सुरुवात केली.

"काजव्यांची वरात निघाली अंधारात,
एकाचा दिवा विझला, बाकीचे रडतात!"

हमीदनं डफावर थाप मारली.

"गरुड बसले उंच, चोच केली वर,
शेपटीला डार्ट लागला, तरी नाही खबर!"

हशा ओसरला. खरात सरांनी शिट्टी ओठांशी नेली. "कुणाचा सवाल?" त्यांनी रीत म्हणून विचारलं.

"माझा."

दोरीमागच्या पहिल्या रांगेतून वैजू उठली. डोळ्यांवर चष्मा होता. झोयाच्या जागी ती बसली होती, आणि झोया तिच्या मागं, तिच्याच जुन्या चष्म्यात, घुबडाच्या पिलासारखी दिसत होती.

"तू बाहेर आहेस," सर म्हणाले.

"खेळातून बाहेर आहे. गावातून नाही."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे, टाकू द्या सवाल." वैजूनं हमीदकडून डफ घेतला. पहिली थाप जरा चुकलीच. मग आवाज सापडला.

"तोच माझा डार्ट, आणि तीच माझी नळी,
तीच ओढ चंद्राची पायांच्या तळी.
बोगद्यात दमून जो पायाशी निजला,
घुमटात तोच कसा गालाला डसला?
वाटेत तिथं कोण त्याचा धरत होतं हात?
सांगा त्याचं नाव, मगच खेळाला सुरुवात!"

कुणी हसलं नाही.

"स्प्रिंग!" सर म्हणाले. "हा घे जबाब."

"मग तुमची बंदूक घ्या सर." वैजूनं डफ खाली ठेवला आणि टपरीवरून आणलेली स्टीलची थाळी उचलली. "नवी, पेटीतली. जिला माझा हात लागला नाही ती. आणि मारा."

ती दोरीमागं मांडी घालून बसली, आणि थाळी तिनं शेजारी, जमिनीवर बसलेल्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर धरली. हात लांब केला होता, चष्मा घट्ट होता, तरी नसीमखालांच्या तोंडून "या अल्ला" निघालंच.

सरांनी इकडं तिकडं बघितलं. सगळं गाव बघत होतं. त्यांनी पेटीचं सील फोडलं, नवी बंदूक काढली. तेवढ्यात टण टण टण करत नेमाजी मैदानाच्या मधून निघाला आणि दोरीशी, थाळीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"नेमाजी! तुझी जागा इथं आहे!"

"माझी जागा लिहिलेली आहे," नेमाजी म्हणाला. "तिथून हलू नये, असं लिहिलेलं नाही."

सर नेमबाज होते, तरुणपणी त्यांनीही झुंजी जिंकल्या होत्या. त्यांनी चाप ओढला.

टण्ण!

थाळी घुमटभर वाजली. इतकी, की बाहेरची पृथ्वीही दचकली असेल.

"दोरीशी वेग साडेसोळा," नेमाजी म्हणाला. "बोगद्यात, याच अंतरावर, दहा. मार पावणेतीनपट. थाळीची उंची, झोया शेखच्या डोळ्याइतकी."

सर आपल्या हातातल्या बंदुकीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली. मांड्या घालून बसलेली, उघड्या डोळ्यांची, खाऊच्या आशेनं पुढं झुकलेली बारकी पोरं. त्यांनी ती दोरी स्वतः बांधली होती. त्यांनी एक हात नकळत आपल्या कानाला लावला. सकाळी दाबखोलीतून आल्यापासून तो गच्चच होता.

"हवा," ते म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले, की मागच्यांना ऐकू गेलं नाही. पण ईश्वरीनं ऐकलं. ती पुढं आली, वैजूनं खाली ठेवलेला डफ तिनं उचलला, आणि जुळवत जुळवत जबाब दिला.

"दिसत नाही कुणाला, पण उभी वाटेवर,
डार्टाला जी दमवते, ती हवा खरोखर!
घुमटात ती विरळ, तिचे हातही विरळ,
म्हणून आला डार्ट तो गालाशी सरळ!"

"जबाब मिळाला," नेमाजी म्हणाला. "खेळ सुरू करता येईल."

"थांब," ईश्वरी म्हणाली. तिनं आपली बंदूक जमिनीवर ठेवली. "दोरी तिथं आहे तोवर मी मारणार नाही." तिच्यामागं गरुडांनी ठेवल्या. मग काजव्यांनी. बंदुका ठेवल्याचा आवाज एकामागून एक घुमटात ऐकू येत राहिला.

खरात सरांनी शिट्टी गळ्यातून काढली. "नेमाजी, दोरी किती मागं?"

"हवा निम्मी. तितकीच दमणूक व्हायला वाट दुप्पट लागेल. चाळीस मीटर. पुढच्या रांगा गॅलरीत बसवता येतील. आणि चष्मा सर्वांना, दोरीपुढंही आणि मागंही. दोरी चुकू शकते. डोळा एकदाच मिळतो."

"आणि तुझी जागा?"

नेमाजीचे दिवे लुकलुकले. उत्तर वैजूनं दिलं. "दोन्हीकडे, सर. नळीशी मोजून नुसतं कळतं, डार्ट निघाला कसा. लागणार आहे तो गालाला. मोजायचं ते गालाशी."

सरांनी मान डोलावली. मग ते वैजूसमोर येऊन उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हण, असं त्यांनीच काल तिला सांगितलं होतं. त्यांनी ते स्वतः पाळलं. "वैजयंती," ते मोठ्यानं म्हणाले, "स्प्रिंग तू आवळली नव्हतीस. चुकलं माझं."

वैजू वळून झोयापुढं बसली आणि तिच्या गालावरच्या फिकट खुणेला हळूच हात लावला. "आणि माझं हे. लागलं तुला. सॉरी."

"आता खाऊ दोन लागतील," झोया म्हणाली.

सामना झाला, आणि काजव्यांची पाचवी जागाही भरली. दोरी मागं गेली, छोटी मंडळी गॅलरीत चढली, सगळ्या गावानं चष्मे घातले आणि एकमेकांना बघून पोट धरून हसून घेतलं. जिंकले कोण? गरुड. ईश्वरीनं शेवटच्या क्षणाला वैजूला गाठलं, तीन मीटरच्या आत, आणि डार्ट न मारता गोड आवाजात म्हणाली, "शरण?" पुढं वर्षभर तिनं ते ऐकवलं.

बोगद्याचे नियम बोगद्याला राहिले, घुमटाला घुमटाचे झाले. महिनाभरानं मंगळावर जाणाऱ्या यानात उजेडवाडीच्या पोरांनी तिथल्या पोरांसाठी बंदुका आणि डार्ट पाठवले. सोबत नियम नव्हते. एक स्टीलची थाळी होती, एक जुनी ओढणी, एक चमचा, आणि वैजूच्या आवाजातला निरोप: "आधी तुमच्या हवेला विचारा. मग दोरी बांधा."

यान उडालं तेव्हा सगळी पोरं घुमटाच्या काचेला नाक लावून उभी होती. बाहेर राखाडी जमीन, काळं आभाळ, आणि कशाचाही आवाज नाही.

"दीदी," झोयानं विचारलं, "बाहेर हवा किती?"

"बाहेर? नाहीच."

"मग बाहेर डार्ट मारला तर त्याला दमवणार कोण?"

"कुणीच नाही. जमिनीला टेकेपर्यंत तो निघाला तसाच जाणार."

झोयानं बराच वेळ बाहेर बघून विचार केला. मग डोळ्यांवरचा मोठा चष्मा नीट बसवला.

"बरं," ती म्हणाली. "तिथले नियम मी करीन."